कव्वेनेत कोणती : लाल ठिपका की दुर्बीण?

७ ऑक्टोबर २०२३ च्या त्या सिम्हाथ तोराच्या शब्बाथनंतर देशात शेकडो ठिकाणी नागरिकांची तातडीची पथके, म्हणजे कितात कोनेनूत, नव्याने उभी राहिली. आमच्या दक्षिणेकडील गावातही एक उभे राहिले. त्यात बारा जण आहेत आणि बारांपैकी सात आपले बेने इस्राएल. कोणी वीज मंडळात, कोणी कारखान्यात, एक शाळेतला शिक्षक; बहुतेकांची चाळिशी उलटलेली. बंदुका सरकारकडून आल्या, जुन्या एम-१६. नेम धरण्यासाठी त्यांवर लोखंडी माशीपलीकडे काही नव्हते. पथकाच्या मंडळींनी सिनेगॉगच्या कमिटीकडे मदत मागितली, पुरीमपर्यंत वर्गणी जमली, आणि मग भांडण सुरू झाले.

भांडण पैशाचे नव्हते. गोलानीत सेवा केलेला एक तरुण म्हणे, सर्वांना लाल ठिपक्याची कव्वेनेत घ्या. लेबनॉनमध्ये कला म्हणजे पथकातला नेमबाज म्हणून राहिलेले त्याचेच मामा म्हणत, ठिपका हे पोरांचे खेळणे आहे, दुर्बीण घ्या. जे दिसत नाही त्यावर गोळी कशी झाडणार? मलिद्याच्या ताटाभोवती बसूनही दोघे गप्प होईनात. शेवटी कमिटीने हा प्रश्न आमच्या गळ्यात घातला. आमच्यापैकी काही जण १९७३ मध्ये सिनाईत एफ.एन. रायफल घेऊन होते, आणि आता आम्हाला वाचायला वेळ आहे, एवढीच आमची पात्रता. आम्ही वाचले, विचारले, आणि जे हाती आले ते येथे मांडतो. प्रश्न आमच्याच गावाचा नाही, असे पत्रांवरून दिसते.

आधी शब्दाबद्दल. कव्वेनेत म्हणजे बंदुकीचा नेम धरण्याचे साधन, आणि कव्वाना म्हणजे तेफिल्ला करताना मनात धरलेला हेतू; दोन्ही एकाच धातूतून निघाले आहेत. नेमबाजाला त्साहालमध्ये कला म्हणतात, तो शब्द गोफणीवरून आला. शोफेतीमच्या विसाव्या अध्यायात बिन्यामीनच्या वंशातले सातशे डावखुरे गोफणवाले येतात, ज्यांचा दगड केसावर धरला तरी चुकत नसे. तेथे ‘चुकणे’ यासाठी जे क्रियापद आले आहे, त्याच धातूपासून हेत, म्हणजे पाप, हा शब्द झाला. आमच्या हझानसाहेबांनी हे दाखवून दिले तेव्हा मामा आणि भाचा दोघेही क्षणभर गप्प झाले. मग पुन्हा सुरू.

मराठीत आपण बंदुकीच्या टोकावरच्या उंचवट्याला माशी म्हणतो. आपल्या पूर्वजांना त्या माशीची चांगली ओळख होती. सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांना आपण सॅम्युएल इझेकिएल दिवेकर म्हणून ओळखतो, ते कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत शाआर हारहमीम बांधले. त्या काळच्या फौजी बंदुकीला मागची खाच नव्हतीच. पुढे संगीन अडकवण्यासाठी जो लोखंडी खुंट असे तोच माशीचे काम करी. शिपायांनी रांगेत उभे राहून समोरच्या रांगेच्या दिशेने एकदम बार काढायचे, एवढीच अपेक्षा होती. कोणाला लागले याची चौकशी नसे. एका माणसाने एका माणसावर नेम धरायचा, हा विचार नळीच्या आत पेच पाडलेल्या रायफलीबरोबर आला, आणि तिच्याबरोबर मागची खाचही आली.

१९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून ज्या माउझर रायफली या देशात आल्या त्यांच्या मागच्या खाचेवर १०० पासून २००० मीटरपर्यंत आकडे कोरलेले होते. दोन हजार मीटरवरचा माणूस साध्या डोळ्याला दिसतही नाही. पण आकडे होते. पुढे १९५० च्या दशकात एफ.एन. आली, तिला मागे खाचेऐवजी बारीक भोक होते. उझीला तर १०० आणि २०० मीटर एवढ्या दोनच खुणा. आमच्या पिढीने ही तिन्ही शस्त्रे हाताळली. तिघांचाही दोष एकच होता, आणि तो बंदुकीत नसून डोळ्यात आहे.

मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. शिकवण अशी की माशी स्पष्ट ठेवा, बाकीचे धूसर होऊ द्या. अठराव्या वर्षी डोळा या तिघांमध्ये इतक्या चपळाईने धावतो की अडचण जाणवत नाही. चाळिशीचा चष्मा लागला की हाताच्या अंतरावरची माशी म्हणजे कापसाचा बोळा होतो. ठिपका काय आणि दुर्बीण काय, दोघांचा जन्म या एकाच अडचणीतून झाला. दोघांनी उत्तरे मात्र वेगळी दिली.

ठिपक्याची कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. डब्लिनचे दुर्बीण बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये तिचे पेटंट घेतले. तिरक्या किंवा वक्र काचेवर एका लहान खुणेचा प्रकाश असा परावर्तित करायचा की त्याचे किरण डोळ्यात समांतर शिरतील. मग ती खूण काचेवर न दिसता दूर, लक्ष्याच्याच अंतरावर तरंगताना दिसते. डोळा थोडा डावीउजवीकडे सरकला तरी ठिपका लक्ष्यावरून फारसा हलत नाही. तीन गोष्टींची एक गोष्ट झाली. पण त्या काळी ही काच रायफलीवर टिकण्याइतकी मजबूत नव्हती. ती आधी विमानांवर गेली, १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर व हरिकेनवर. वैमानिकाला लक्ष्य मोठे दिसण्यापेक्षा चटकन सापडणे जास्त गरजेचे होते. ठिपक्याचा स्वभाव तेथेच ठरला.

पायदळाकडे तो आला तो १९७० च्या दशकात. नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकनांनी उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील युद्धकैद्यांच्या छावणीवर रात्रीचा छापा घातला, तेव्हा त्यांच्या बंदुकांवर एक विचित्र नळी होती, जिच्यातून आरपार दिसतच नसे. एका डोळ्याने नळीतला ठिपका पाहायचा, दुसऱ्याने जग, आणि मेंदू दोन्ही एकत्र करतो. कैदी आधीच हलवले गेले होते, छावणी रिकामी निघाली. ती नळी मात्र लक्षात राहिली. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारा आणि आरपार दिसणारा ठिपका बाजारात आणला. अमेरिकन भूदलाने १९९७ मध्ये त्याच कंपनीच्या कव्वेनेत लाखाच्या संख्येने मागवल्या.

दुर्बिणीची वाट निराळी. ती आधी फक्त लपून बसणाऱ्या निशाणबाजांची होती. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश निशाणबाजांच्या ली-एन्फिल्डवर साडेतीन पटींची असे. नंतर हलकी दुर्बीण प्रत्येक शिपायाला द्यावी, असा विचार युरोपात बळावला. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश शिपाई चार पटींची दुर्बीण लावून पहारे देत. ऑस्ट्रियाने १९७७ मध्ये जी नवी रायफल घेतली तिच्या मुठीतच दीड पटीची दुर्बीण घडवलेली होती. दीड पट म्हणजे जवळजवळ काहीच नाही, तरी माशी गेली आणि खुणेचे वर्तुळ लक्ष्याबरोबर स्पष्ट दिसू लागले. १९८५ मध्ये ब्रिटिशांनी आपल्या नव्या रायफलीवर चार पटींची दुर्बीण सरसकट बसवली. म्हणजे एकाच दशकात काही देशांनी ठरवले की शिपायाला लवकर नेम धरता आला पाहिजे, आणि काहींनी ठरवले की त्याला अधिक चांगले दिसले पाहिजे.

आपल्या त्साहालने काय ठरवले? आम्ही जितके वाचले तितके आमचे मत झाले की एकदम कोणी काही ठरवले नाही. जेथे लढावे लागले तेथे जे उपयोगी पडले ते राहिले. सिनाईच्या उघड्या वाळूत ३०० मीटरवर माणूस दिसतो. १९७२ मध्ये स्वीकारलेल्या गलीलच्या मागच्या माशीवर ३०० आणि ५०० मीटरच्याच खुणा आहेत. पण तिला आणखी एक तिसरी, घडी घालून ठेवलेली माशी होती, रात्रीसाठी, ट्रिटियमच्या बारीक हिरव्या ठिपक्यांची, सुमारे १०० मीटरपर्यंतच्या कामाची. तेव्हा आम्हाला तिचे कौतुक वाटले होते. आज वाटते, पुढच्या पन्नास वर्षांची दिशा त्या घडीच्या माशीतच होती. लढाई वाळूतून उठून गल्लीबोळांत, जिन्यांवर, अंधारात चालली होती. १९८२ मध्ये लेबनॉनच्या शहरांत आपल्या मुलांनी ते अनुभवले.

त्यानंतर येथेच बनवलेले ठिपके आले. आखूड एम-१६ वर बसणारा एल्बिटचा फाल्कन. तावोर रायफलीबरोबर आलेला मार्स, ज्यात ठिपका आणि लेसर एकाच पेटीत होते. आणि या सर्वांत ज्याने घराघरात ओळख मिळवली तो ओर अकिवाच्या मेप्रोलाइटचा मेप्रो २१. शुक्रवारी दुपारी सुट्टीवर आलेल्या नातवाने बंदूक खांद्यावरून उतरवली की तिच्यावर हीच चौकोनी काच दिसे. त्याला बॅटरी नाही. दिवसा बाहेरचा प्रकाश तंतूंतून गोळा करून तो ठिपका उजळतो, रात्री ट्रिटियम.

आपल्या घरांत यावरूनही चर्चा झाली आहे, म्हणून सांगून टाकतो. शब्बाथला बटण दाबावे लागत नाही म्हणून बिनबॅटरीचा ठिपका चांगला, असे काही आजोबा म्हणत. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला सारता येतो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि पथकाला हाक आली तर बटणाचा विचार कोणी करणार नाही. पण पहारा दर शब्बाथला असतो आणि हाक क्वचित येते, तेव्हा प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. आता तो मिटल्यासारखा आहे. हल्लीच्या चांगल्या ठिपक्याची बॅटरी ५०,००० तासांपर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक चालते. तो एकदा लावला की विझवायचाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा लावून ठेवणाऱ्या शनिवार तेल्यांच्या वंशजांना हे समजावून सांगावे लागत नाही.

बिनबॅटरीच्या ठिपक्याचे दोन दोष मात्र पथकाने ध्यानात घ्यावेत. ट्रिटियमचे आयुष्य दर सव्वाबारा वर्षांनी अर्धे होते. एका विक्रेत्याने आम्हाला स्वस्तात जुन्या कव्वेनेत देऊ केल्या. त्यांचे वय पंचवीस वर्षांच्या आसपास निघाले, म्हणजे प्रकाश मूळच्या चौथ्या हिश्श्यावर आलेला. दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. तंतू जेथे बंदूक आहे तेथला प्रकाश गोळा करतात, जेथे लक्ष्य आहे तेथला नाही. अंधाऱ्या खोलीतून उन्हातल्या रस्त्याकडे पाहिले की ठिपका फिका पडतो, आणि रात्री आपण विजेरी पेटवली की तिच्या झोतात तो बुडून जातो. शहरातल्या पथकाचे काम नेमके खिडकीतून आणि विजेरीने चालते. म्हणून आता त्साहालमध्येही बॅटरीच्या ठिपक्यांकडे वळणे झाले आहे.

दुर्बिणीला त्साहालने टाकून दिले नाही, तिला कलाच्या हाती दिले. अमेरिकेच्या ट्रिजिकॉनची चार पटींची एकॉग आपल्या नेमबाजांच्या बंदुकांवर दिसते. गंमत अशी की तिचे जनक ग्लिन बिंडन यांनी धंदा सुरू केला तो दक्षिण आफ्रिकेतून आरपार न दिसणारी ती ठिपक्याची नळी आयात करून. दोन डोळे उघडे ठेवून पाहण्याचे तत्त्व त्यांनी तिच्यातून उचलले आणि दुर्बिणीत घातले. म्हणजे मामा आणि भाचा ज्या दोन वस्तूंवरून भांडत होते त्यांचे घराणे एकच निघाले.

आता थोडा हिशेब, कारण वादात तोच कोणी करत नव्हते. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारीक पाहू शकतो. २०० मीटरवर हा भाग सुमारे ६ सेंटिमीटर होतो. म्हणजे त्या अंतरावर माणूस दिसतो, चालतो की धावतो हे कळते, पण हातात फोन आहे, हातोडा आहे की पिस्तूल, हे खात्रीने सांगता येत नाही. चार पटींच्या दुर्बिणीत तोच माणूस ५० मीटरवर आल्यासारखा होतो आणि दीड सेंटिमीटरचे बारकावे दिसतात. ठिपका काहीच मोठे करत नाही. उलट पाच मिनिटांचा जाड ठिपका २०० मीटरवर २९ सेंटिमीटर जागा झाकतो, म्हणजे सगळा चेहरा. मामांचे म्हणणे येथे पूर्ण खरे आहे.

आणि दहा मीटरवर? एकॉगमध्ये १०० मीटरवर सुमारे १२ मीटर रुंद जग दिसते, दहा मीटरवर सव्वा मीटर. दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे शर्टाचा एक मोठा तुकडा. शिवाय डोळा काचेपासून चार सेंटिमीटरवर, ठरल्या जागीच हवा. धापा टाकत जिना चढल्यावर ती जागा सापडत नाही. ठिपक्याला जागेचे बंधन नाही. येथे भाचा पूर्ण खरा.

दोघांचे समाधान करणारी वस्तू आता निघाली आहे: एक पटीपासून सहा किंवा आठ पटींपर्यंत कडे फिरवून बदलणारी दुर्बीण. अमेरिकन मरीन दलाने २०२० मध्ये अशीच एक ते आठ पटींची निवडली, आणि त्यांच्या भूदलाने २०२२ मध्ये नव्या रायफलीसाठी तशीच, पण आत अंतरमापक आणि गणकयंत्र घातलेली घेतली. आपल्याकडे यागूर किबुत्झची स्मार्ट शूटर कंपनी त्याही पुढे गेली आहे. तिची कव्वेनेत नेम जुळेपर्यंत गोळी सुटू देत नाही. भारतीय नौदलानेही ती घेतल्याचे मुंबईच्या नातेवाइकांनी अभिमानाने कळवले. असो, ती आपल्या वर्गणीच्या आवाक्यातली नाही.

कडे फिरवण्याची दुर्बीण आवाक्यात आहे, आणि कागदावर तिने वाद मिटायला हवा होता. पण तिचे वजन कड्यांसह ठिपक्याच्या दुप्पट-तिप्पट होते. तिची पुढची काच बहुधा २४ मिलिमीटरची. सहा पटींवर डोळ्याला ४ मिलिमीटरचा प्रकाशझोत मिळतो, आणि रात्री डोळ्याची बाहुली त्याहून मोठी असते, म्हणजे जेव्हा गरज जास्त तेव्हा चित्र काळवंडते. सर्वांत मोठी अडचण म्हणजे ते कडे. रोज सराव करणारा सैनिक ते न पाहता फिरवतो. महिन्यातून एकदा मित्वाहवर जाणारा शाळामास्तर रात्री तीन वाजता दचकून उठेल, तेव्हा ते सहावर राहिले असेल की एकवर?

येथपर्यंत आलो तेव्हा आम्हाला वाटले की निकाल ठिपक्याच्या बाजूने लागला. मग दुसरी बैठक झाली. ती मागच्या बाकावर बसलेल्या एका आईने फिरवली. तिचा मुलगा पथकात आहे. ती म्हणाली, “कोणती काच लवकर मारते ते तुम्ही दोन तास सांगताय. माझा मुलगा सावळा आहे. रात्री शेजारच्या गावचं पथक आलं, त्यांच्यापैकी कोणी त्याला ओळखत नाही. त्यांना कोणत्या काचेतून कळेल तो कोण ते?”

कोणी उत्तर दिले नाही. १८ ऑक्टोबर २०१५ ची संध्याकाळ आपल्या दक्षिणेत कोणी विसरलेले नाही. बेरशेबाच्या मध्यवर्ती बसस्थानकावर हल्ला झाला आणि त्या गोंधळात एरिट्रियाहून आलेल्या एका निरपराध तरुणाला हल्लेखोर समजून गोळ्या घातल्या, वर जमावाने मारहाण केली. तो मेला. त्याचा गुन्हा त्याचा रंग होता, असे आम्ही त्या वेळीही म्हटले होते. १५ डिसेंबर २०२३ ला गाझातील शिजाइयामध्ये आपल्याच तीन अपहृत तरुणांवर, उघड्या अंगाने आणि पांढरे फडके काठीला बांधून आलेले असताना, आपल्याच सैनिकांनी गोळ्या झाडल्या. या दोन घटनांत कोणाचे किती चुकले याचा निवाडा करणारे आम्ही नव्हे. पण आमच्या प्रश्नापुरते एवढे खरे की एक प्रसंग स्थानकाच्या इमारतीतला आणि दुसरा काही दहा मीटरांवरचा होता. चार पटींच्या काचेने भरून निघावे असे ते अंतर नव्हते. तेव्हा दुर्बीण घेतली की ओळख पटेल, हे मामांचे म्हणणेही पुरे पडत नाही.

त्या आईच्या प्रश्नाने आम्हाला जे दिसले ते आधी दिसायला हवे होते. बंदुकीवरच्या दुर्बिणीने एखाद्याला ओळखायचे म्हणजे आधी त्याच्यावर बंदूक रोखायची. सीमेवर ते चालत असेल. गावात जो पहाटे बेकरीत कामाला निघाला आहे, जो कुत्र्याला फिरवतो आहे, जो शेजारच्या गावचा मदतनीस आहे, त्या प्रत्येकाच्या छातीवर नेम धरून मग ठरवायचे की हा आपला? घाबरलेल्या माणसाचे बोट चापाजवळ असताना? आणि समोरच्याच्या हातातही बंदूक असेल, तर आपल्यावर रोखलेली नळी पाहून तो काय करील?

आम्हाला मग १९७३ चे आमचे पथकप्रमुख आठवले. त्यांच्या बंदुकीवर काही नव्हते, पण गळ्यात मिश्केफेत, साधी हातातली दुर्बीण, सदैव लटकलेली असे. पाहायचे तिच्यातून, बंदूक उचलायची ती नंतर, ठरल्यावर. त्साहालमध्ये पाहण्याचे काम आणि मारण्याचे काम कितीतरी वर्षे दोन वेगळ्या वस्तूंकडे होते, ते गरिबीमुळे असे आम्ही समजत होतो. आता वाटते की त्या गरिबीत थोडे शहाणपणही होते. सात किंवा आठ पटींची बरी मिश्केफेत बंदुकीवरच्या कडे फिरणाऱ्या दुर्बिणीपेक्षा खूप स्वस्त पडते, दोन्ही डोळ्यांनी पाहता येते, आणि ती कोणावर रोखली तर कोणी मरत नाही. जवळच्या अंतरावर तीही निकामी. तेथे झगझगीत विजेरी आणि मोठ्याने विचारलेला प्रश्न, हिब्रूत, आणि उत्तरासाठी थांबणे.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट केली, तिची शिफारस सर्व पथकांना करतो. उसना आणलेला एक ठिपका बाराही जणांच्या हाती दिला आणि काय दिसते ते कागदावर काढायला सांगितले. आठ जणांनी गोल ठिपका काढला. तिघांनी स्वल्पविराम काढला आणि एकाने द्राक्षांचा घड. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असेल तर ठिपका असा पसरतो. दोष काचेचा नसतो. चष्मा लावून पाहिल्यावर दोघांचा गोल झाला, दोघांचा नाही झाला. अठरा वर्षांच्या सैनिकांसाठी केलेली निवड आपल्या पन्नाशीच्या डोळ्यांना लागू पडेलच असे नाही. दुर्बिणीतली खूण काचेवर कोरलेली असते आणि डोळ्याजवळचे कडे फिरवून ती आपल्या नजरेला जुळवता येते, म्हणून त्या दोघांना तिच्यात लख्ख दिसले.

शेवटी घेतले ते असे. दहा बंदुकांवर बॅटरीचे ठिपके. त्या दोघांच्या बंदुकांवर एक ते सहा पटींच्या दुर्बिणी, आणि त्यांची जागा वाडीकडे तोंड करून असलेल्या दोन पहाऱ्यांवर, जेथे समोर खरोखर तीनशे मीटर मोकळे आहेत. कडे एकवर असावे, फिरवायचे ते जागेवर बसल्यावर, असा नियम. बाराही जणांना विजेऱ्या. चार मिश्केफेत. उरलेले पैसे गोळ्यांसाठी आणि मित्वाहच्या भाड्यासाठी ठेवले, कारण कोणतीही कव्वेनेत इपूस केल्याशिवाय, म्हणजे गोळी आणि खूण जुळवून घेतल्याशिवाय, केवळ शोभेची. मामांनी हा हिशेब पाहून, दुर्बिणी दोनच का, म्हणून कुरकुर केली. भाच्याने, त्या दोन तरी कशाला, म्हणून.

इपूस गेल्या महिन्यात झाले, २५ मीटरवर, एका शुक्रवारी सकाळी. शाळामास्तरांच्या पहिल्या तीन गोळ्या कागदाबाहेर गेल्या. मामा त्यांच्याशेजारी पालथे पडून सांगत होते, श्वास सोड, चाप ओढू नकोस, दाब. दुपारच्या आत सर्वांचे झाले. मिश्केफेत आता पहाऱ्याच्या खोलीत चहाच्या थर्मासशेजारी खिळ्यावर टांगलेल्या असतात. त्या आईने त्यांच्या पट्ट्यांवर जाड पांढरे कापड शिवून दिले आहे, अंधारात हाताला लवकर लागाव्यात म्हणून.